भिल्ल-पावरा इतिहासाचं दोन खोल्यांचं संग्रहालय: आधी काचेची कपाटं की आधी नोंद?

तोरणमाळवाट
राम राम मंडळी. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा-धडगाव पट्ट्यातल्या एका गावात ग्रामसभेने जुन्या आश्रमशाळेच्या दोन खोल्या संग्रहालयासाठी द्यायचं ठरवलं आहे. खोल्या वीस बाय सोळा फुटांच्या, वर पत्रे, खाली कोबा, आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल. विषय ठरलेला आहे: सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची आणि तडवी लोकांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास. शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत संपतो आणि इंग्रजी अमदानीच्या कागदांत बहुतेक ठिकाणी लूट, बंड आणि बंदोबस्त एवढ्यापुरताच येतो.

कल्पना डेन्व्हरच्या ब्लॅक अमेरिकन वेस्ट म्युझियमवरून सुचली. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर कृष्णवर्णीय गुराखी, शेतकरी, सैनिक होते हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून पॉल स्टुअर्ट या न्हाव्याने घरोघरच्या वस्तू आणि आठवणी जमवल्या आणि १९७१ मध्ये ते उभं केलं. सरकार नाही, विद्यापीठ नाही, तरी झालं. आपल्याकडे का होऊ नये?

सध्या हाताशी साधारण ऐंशी वस्तू आहेत: तीरकामठे, ढोल, मांदळ, भोपळ्याचे तुंबे, बांबूच्या कणग्या, चांदीचे दागिने, होळीतले मोरपिसांचे टोप, एक ठासणीची बंदूक. शिवाय लोखंडी पेटीभर कागद (काही मोडीत) आणि तीसेक फोटो. एक दाते काचेची कपाटं द्यायला तयार आहेत, पावसाळ्याआधी उद्घाटन व्हावं असा त्यांचा आग्रह आहे. कपाटं घेऊन टाकावीत का? वस्तूंवर नंबर कसे घालायचे, कीड कशी रोखायची, कायद्याचं काय, आणि ऐंशीच्या पुढची जी पाच-सहा माणसं आहेत त्यांचं बोलणं कसं टिपायचं? अनुभवी लोकांनी नीट सविस्तर सांगावं.

जतनकाम
दादा, कपाटं थांबवा. ऐंशी वस्तू नोंदीशिवाय कपाटात गेल्या की वर्षभरात कुठला तुंबा कुणाच्या घरचा हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग ते संग्रहालय राहत नाही, जुन्या सामानाची खोली होते. तुमच्या विषयात तर हे जास्तच लागू. या लोकांबद्दलचे कागद दुसऱ्यांनी लिहिलेले आहेत. त्यांच्या स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणजे ही वस्तू आणि तिच्याबरोबर सांगितलेली हकीकत. हकीकत सुटली की पुरावा गेला.

बांधणीची, पानांवर छापील आकडे असलेली जाड वही घ्या. सुट्या पानांची फाईल नको. एक्सेलमध्येही ठेवा, पण मूळ वही तीच. नंबर तीन तुकड्यांचा: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. म्हणजे २०२५.७.३ हा नंबर दिसला की सातव्या घरातून आलेली तिसरी वस्तू हे लगेच कळतं. 'ढोल १', 'दागिने १' असे प्रकारवार नंबर घालू नका. घुंगरू बांधलेला कमरपट्टा दागिन्यात की नाचाच्या सामानात, या वादात वही अडकते.

दर वस्तूसमोर हे हवं: बोलीतलं नाव (तेच आधी), मराठी नाव, कशाची, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आत्ताची अवस्था (कुठे तडा, कुठे भोक), गाव आणि पाडा, कुणी केली, कुणी वापरली, शेवटची कधी वापरली, ही माहिती कुणी सांगितली आणि कोणत्या तारखेला. शेवटचे दोन रकाने लोक सोडून देतात. 'पारंपरिक भिल्ल वस्तू' असं लिहून नोंद पूर्ण झाली असं समजू नका. तिथे घराचं नाव पाहिजे. आणि पट्टी, नंबर व वस्तू एकाच चौकटीत येईल असा एक फोटो.

वस्तू घेताना पावती तीन प्रकारची छापा. पहिली कायमचं दान. दुसरी मुदतीची ठेव: एक वर्ष, दोघांच्या सहीने पुढे वाढणारी, घरच्यांनी मागितली की पंधरा दिवसांत परत. तिसरी फक्त फोटो आणि माप, वस्तू घरीच. चांदीचे दागिने आणि सणाला लागणारे ढोल बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातच येतील, आणि ते बरोबरच आहे. होळीला ढोल घरी गेला पाहिजे. संस्था बंद पडली तर दान आलेल्या वस्तू कुणाकडे जातील हेही पावतीच्या मागे छापा. या एका ओळीवरून पुढे गावात भांडणं होतात.

नंबर घालण्याची पद्धत वस्तूप्रमाणे बदलते. धातू, दगड, रंग न दिलेलं गुळगुळीत लाकूड: पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे दाणे मिळतात, ते वीस ग्रॅम शंभर मिली ॲसिटोनमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर विरघळवा. बारीक ब्रशने अर्धा बाय दोन सेंटिमीटरचा पट्टा द्या, सुकू द्या, त्यावर रंगद्रव्याच्या काळ्या शाईने नंबर लिहा, शाई पूर्ण वाळली की वरून पातळ हात. पुढे नंबर काढायचा झाला तर ॲसिटोनच्या बोळ्याने निघतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ॲसिटोन ब्रशवरच उडून जातं आणि थर बुडबुड्यांचा, पांढरट येतो. म्हणून हे काम सकाळी आठच्या आत, खिडक्या उघड्या ठेवून, जवळ चूल-बिडी नसताना करा. नेलपॉलिश वापरू नका, ते पिवळं पडून पापुद्र्यासारखं सुटतं आणि नंबर घेऊन जातं. कापडाला सुती फितीवर नंबर लिहून दोन टाके. कणगी, टोपली, तुंबा यांना सुती दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी. कागदाला मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिल. सेलोटेप, स्टेपल, फेविकॉल, बॉलपेन हे चारही संग्रहालयाच्या दारातच बंद.

अहिराणीवाली
कायद्याचं थोडक्यात, कारण यात चूक झाली तर त्रास देणाऱ्या घराला होतो.

ठासणीची बंदूक नुसती जुनी, गंजलेली आहे म्हणून परवान्यातून सुटत नाही; दुरुस्त करूनही चालणार नाही अशीच असेल तर कायद्यात सूट आहे, पण ते आपण ठरवायचं नाही. ती आज आहे त्या घरी परवाना आहे का ते आधी बघा, आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पुढचं पाऊल टाका. तोवर ती संग्रहालयात आणूच नका, फोटोही फळ्यावर लावू नका. तलवार आणि लांब पात्याचा भाला यांचंही ठाण्यात विचारून घ्या. तीरकामठ्याला अडचण नाही, पण तीरांची टोकं बंद कपाटातच.

मोराची गळालेली शेपटीची पिसं चालतात. वाघ-बिबट्याची नखं, कातडी, सांबराची शिंगं मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतात. मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर देणगी म्हणूनही घेऊ नका. ताईतात मढवलेलं नखसुद्धा यातच धरा.

पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना आणि पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुन्या हस्तलिखितांना लागतो. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. नांगरताना सापडलेली नाणी किंवा हंडा कुणी आणून दिला तर घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तो कलेक्टरला कळवायचा असतो.

संस्थेसाठी सात सभासद जमवून धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा. गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) असेल तर ग्रामसभेचा ठराव नुसता 'खोल्या दिल्या' असा नको. संग्रह गावाचा राहील, कोणती वस्तू बाहेर द्यायची ते ग्रामसभा ठरवेल, आणि वही दरवर्षी ग्रामसभेत वाचली जाईल, असं त्यात स्पष्ट लिहून घ्या.

मोडीवाचक धुळे
पेटीतल्या कागदांविषयी. पेटी उघडून सगळे कागद जमिनीवर पसरू नका. ज्या क्रमाने ठेवलेत तो क्रम हीसुद्धा माहिती असते: कुठला कागद कुठल्या दस्ताबरोबर बांधला होता त्यावरून घराणं आणि जमीन जुळते. वरून खाली एकेक उचला, जागेवरच क्रमांक द्या, मग स्वच्छ करा. स्वच्छ म्हणजे मऊ रुंद ब्रशने मधून कडेला झाडणं, एवढंच. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. उन्हाळ्यात कागद पापडासारखा कडक असतो आणि घडीवर तुटतो. पहिला पाऊस पडून हवा जरा दमट झाली की तोच कागद अलगद उघडतो. त्यामुळे नोंद आत्ता, उलगडणं आषाढात. लॅमिनेशन अजिबात नाही. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही, आतली शाई आणि कागद कायमचे अडकतात. पिना आणि गंजलेल्या टाचण्या कागद न ओढता, खाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवून काढा.

स्कॅन ६०० डीपीआय, टिफमध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी लहान प्रत. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर. मोबाइलवर काढायचेच असतील तर उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात, फोन स्टँडवर, शेजारी पट्टी.

आता कागद शोधायचे कुठे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्यामुळे त्याआधीचं सगळं धुळ्याच्या नावावर, १९०६ पासून पश्चिम खानदेशच्या नावावर, आणि १९०६ च्या आधी चोपड्यापासून अक्कलकुव्यापर्यंत सगळं एकाच खानदेश जिल्ह्यात, ज्याचं ठाणं धुळं. शोध घेताना 'नंदुरबार' हा जिल्हा टाकला तर काहीच मिळत नाही आणि लोक निराश होऊन परत येतात. शिवाय काठी, सिंगपूर, नाल, नवलपूर, चिखली, गव्हाळी या सहा मेवासी (म्हणजे डोंगरी सरदारांच्या) जहागिऱ्यांची दफ्तरं निराळी असतात. तुमचं गाव त्यातलं असेल तर 'मेवासी' या नावाखाली बघा.

तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूच्या नोंदी देतं. जातपडताळणीसाठी गावातल्या बऱ्याच घरांनी त्याच्या नकला आधीच काढलेल्या असतात, त्या उसन्या मागा. शाळेचं जनरल रजिस्टर, फेरफार, वनहक्काच्या दाव्यांना जोडलेले वृद्धांचे जबाब हेही बघा. हे जबाब तर सोनं आहे: कुठलं शेत कुणी कधी फोडलं हे लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगून सही-अंगठ्याने दिलेलं आहे. मोडी वाचायला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं. मुंबईचं पुराभिलेख दफ्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, तिथे जाण्याआधी वर्ष आणि विभाग लिहून न्या. आणि १८८० चं खानदेश गॅझेटियर (इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) सुरुवातीला जरूर वाचा, पण कारभाराचं पुस्तक म्हणून वाचा. त्यातलं लोकांच्या स्वभावाचं वर्णन संग्रहालयाच्या फळ्यावर उतरवू नका. गावांची, घाटांची, नाईकांची नावं आणि तारखा तेवढ्या घ्या. नावांची इंग्रजी स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांची असतात: १८५७ च्या बंडातला खाज्या नाईक काजरसिंग म्हणूनही येतो, काजीसिंग म्हणूनही. सगळी रूपं वहीत एका पानावर लिहून ठेवा, नाहीतर एकच माणूस तुमच्याकडे तीन माणसं होईल.

तोरणमाळवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. दात्यांना कपाटं थांबवायला सांगतो. दोन नवे पेच आहेत.

एका घरात पितळी बक्कल आहे, पणजोबा भिल्ल पलटणीत होते असं घरचे सांगतात. समितीतली काही तरुण मंडळी म्हणतात, इंग्रजांची चाकरी केली ती वस्तू खाज्या नाईकाच्या फळ्याजवळ नको. दुसरं, एका पाड्यावरचा लाकडी देव आता कुणी पुजत नाही, तो आणून ठेवावा असं एकाने सुचवलं आहे. काय करावं?

तापीकाठ
बक्कल ठेवा, आणि खाज्या नाईकाच्या फळ्याशेजारीच ठेवा. इथे डेन्व्हरचं उदाहरण खरंच कामाचं आहे, कारण त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता आणि आजही आहे.

१८६६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कृष्णवर्णीयांच्या पलटणी उभ्या केल्या, नववी आणि दहावी घोडदळ त्यातल्याच. गुलामगिरी संपून एक वर्षही नीट झालेलं नव्हतं. पगार, गणवेश आणि मान मिळवायचा तो मार्ग होता. त्याच पलटणी पुढे तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्धच्या मोहिमांत पाठवल्या गेल्या. बफेलो सोल्जर्स म्हणून त्यांचा गौरव होतो, पण नुसता शौर्याचा फळा लावला तर ज्यांच्यावर त्या चालून गेल्या त्यांचा इतिहास झाकला जातो. आणि काहीच लावलं नाही तर त्या सैनिकांचा.

आपल्याकडे १८१८ नंतर खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. डोंगरातल्या नाईकांशी लष्करी मोहिमांनी काम भागेना, तेव्हा १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर, म्हणजेच भिल्ल पलटण, उभी केली. भिल्लांनाच पगार देऊन घाट आणि रस्ते राखायला लावायचे हा त्यातला हिशोब. खाज्या नाईक स्वतः सेंधवा घाटाच्या रखवालीवर कंपनीच्या चाकरीत होता. १८५७ ला तोच उलटला, आग्रा रस्त्यावरचा खजिना लुटला, आणि ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीची लढाई झाली. म्हणजे चाकरी आणि बंड ही दोन निरनिराळ्या लोकांची गोष्ट नाही, कधी एकाच माणसाची आहे. बक्कल काढून टाकलं तर हेच कळायचं राहून जातं: माणसं पलटणीत का गेली, पगार काय होता, गावात परतल्यावर त्यांच्याकडे कसं पाहिलं गेलं. फळ्यावर मात्र 'घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे' हे शब्द पाहिजेत. बक्कलावर काही अक्षरं, आकडे असतील तर कोळशाने घासून नका बघू, तिरका टॉर्च धरून फोटो काढा; पितांबरी, चिंच, लिंबू काहीही लावू नका. वरचा काळपट थर घासला की बारीक कोरीव अक्षरंही जातात.

आणखी एक गोष्ट डेन्व्हरकडून घेण्यासारखी. ते म्युझियम ज्या घरात आहे ते डॉ. जस्टिना फोर्ड यांचं राहतं घर. १९०२ मध्ये कोलोराडोत परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर. इस्पितळात प्रवेश नाकारलेल्या कित्येक बायकांची बाळंतपणं त्यांनी केली, जन्मभरात सुमारे सात हजार. घर पाडायला निघालं तेव्हा १९८४ मध्ये ते उचलून दुसऱ्या जागी नेलं. म्हणजे इमारतच संग्रहातली पहिली वस्तू. तुमच्या खोल्याही तशाच आहेत. आश्रमशाळा कधी सुरू झाली, पहिल्या तुकडीत कोणत्या पाड्यांची मुलं होती, स्वयंपाकघर कुठे होतं, हे रजिस्टरमधून काढा आणि वहीत पहिली नोंद इमारतीचीच करा. भिंतीवरचे जुने सुविचार, पाढे पुसून रंग देऊ नका.

डेन्व्हरवाल्यांनी कोलोराडोतल्या डियरफिल्ड या गावाकडेही लक्ष दिलं. १९१० मध्ये ऑलिव्हर टूसाँ जॅक्सन यांनी वसवलेली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची ती वसाहत. पुढे भाव पडले, कोरडे दुष्काळ आले आणि गाव ओस पडलं. तिथल्या उरलेल्या जागा जपायची धडपड अजून चालू आहे. खोलीत न मावणाऱ्या गोष्टींचा एक वेगळा विभाग वहीत हवा तो असा: घाटातली जुनी चौकी, गावाबाहेरचे स्मृतिदगड, उकाई आणि सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या गावांची जागा. दगड उचलून आणू नका. जागेवरच फोटो, मापं, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, आणि दगड कुणाचा हे सांगणाऱ्याचं नाव.

लाकडी देवाचं उत्तर सरळ आहे: आणू नका. पुजत नाहीत हे एकाचं म्हणणं असतं. पाड्यावरच्या पुजाऱ्याला आणि म्हाताऱ्या बायकांना विचारल्यावर वर्षातून एखादा नारळ अजून फुटतो असं निघू शकतं. फोटोही त्यांनी हो म्हटलं तरच, आणि तो भिंतीवर लावायचा की फक्त वहीत ठेवायचा हेही त्यांनीच ठरवायचं.

बोलीसंग्रह
ऐंशीच्या पुढची पाच-सहा माणसं आहेत म्हणता, मग सगळ्यात आधी हेच काम, वहीच्याही आधी. ढोल आणखी वर्षभर तसाच राहील.

फोन चालेल, पण वीस सेंटिमीटरवर धरता येईल असा कॉलर माइक लावा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका तासाला स्टिरिओत साधारण एक जीबी, मोनोत अर्धा, तेवढी जागा आधी मोकळी करा. फोन एअरप्लेन मोडवर, कारण मधे आलेला एक कॉल काही ॲपमध्ये रेकॉर्डिंगच थांबवतो. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो आणि पावसात काहीच ऐकू येत नाही. कुडाच्या, सारवलेल्या घरात आवाज फार छान येतो, तिथेच बसा. पंखा बंद. सुरुवातीला तारीख, गाव, पाडा, बोलणाऱ्याचं नाव, बोली आणि विचारणाऱ्याचं नाव मोठ्याने बोला. फाइलचं नाव बदललं तरी ही माहिती आतच राहते.

मराठीत विचारू नका. पावरी बोलणाऱ्याला मराठीत विचारलं की तो शाळेला दिल्यासारखी आखूड उत्तरं देतो. घरातलाच नातू किंवा सून विचारायला बसवा. 'पूर्वी कसं होतं?' या प्रश्नाने काही मिळत नाही. हातात वस्तू द्या: हा तुंबा कसा वाळवायचा, आतला गर कशाने काढायचा, पाणी कुठून आणायचं, तिथे आता काय आहे. तुंब्यावरून झरा निघतो, झऱ्यावरून जंगलखात्याची हद्द निघते, हद्दीवरून दंड आणि दंडावरून गावाने केलेला मोर्चा. साल विचारू नका, घटनेला टेकवा: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, उकाईचं पाणी आलं तेव्हा मोठा मुलगा केवढा होता. पाऊण तास झाला की थांबा, दुसऱ्या दिवशी परत जा. दुसऱ्या बैठकीत पहिल्यातलं दुरुस्त होऊन येतं, म्हणून दोन्ही ठेवा, एकीच्या नावाखाली दुसरी पुसू नका.

संमती तीन पायऱ्यांची आणि रेकॉर्डिंगवरच बोलून घ्या: सगळ्यांना ऐकवा, फक्त गावात ऐकवा, अमुक सालापर्यंत बंद. जमिनीच्या भांडणाचं, डाकिणीच्या आरोपाचं, कुणाच्या तुरुंगवासाचं बोलणं निघालं की परत विचारा. सुरुवातीची हो त्याला पुरत नाही. उतरवून घेताना आधी बोलीतच देवनागरीत, मग मराठी. एका तासाच्या बोलण्याला सहा ते आठ तास लागतात, म्हणून आठवड्याला एकच बैठक ठरवा. नाहीतर फायली साचतात आणि ऐकायला कुणी उरत नाही.

जतनकाम
पावसाळा तोंडावर आहे म्हणून कीड आणि ओल यांचं सांगून टाकतो, आणि मग कपाटांचं.

आलेली प्रत्येक वस्तू लगेच बाकीच्यांत मिसळू नका. व्हरांड्यात पांढऱ्या कापडावर दोन आठवडे ठेवा. खाली पिठासारखा भुसा पडला तर बांबू-लाकडात भुंगेरा जिवंत आहे. ती वस्तू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून टेपने बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे वीस अंशाला दोन आठवडे. आइस्क्रीमचा फ्रीझर उणे अठरापर्यंतच जातो, तिथे तीन धरा. मधे वीज जाऊन वस्तू वितळली तर दिवस पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूवर दव धरून बुरशी येते. ताणलेल्या कातड्याचा ढोल, रंगवलेलं लाकूड, काचेच्या मण्यांची माळ आणि फोटो फ्रीझरमध्ये नाहीत. डांबरगोळ्या नकोत. कडुनिंबाचा पाला ठेवायची पद्धत आहे. ठेवायचा तर कापडी पुरचुंडीत, वस्तूला न टेकवता, आणि तो कीड मारेल या भरवशावर राहू नका.

सिलिका जेल घट्ट झाकणाच्या पन्नास लिटर डब्याला एक किलो या मापाने, पण फक्त आषाढ ते आश्विन. आश्विन संपला की ते काढून घ्या. आपल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की जेल ठेवलं तर ढोलाचं कातडं तडकतं आणि कामठ्याला भेगा पडतात. ढोलाच्या दोऱ्या उन्हाळ्यात सैल करायचं वाजवणाऱ्यांना माहीत असतं, त्यांनाच बोलवा. सव्वाशे-दीडशे रुपयांचा नाही, बऱ्यापैकी आर्द्रतामापक घ्या; पासष्ट टक्क्यांच्या वर काटा राहिला की बुरशी धरायला लागते. तेव्हा दारं बंद ठेवण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा वाहता ठेवा.

ओल येणाऱ्या पश्चिम भिंतीला आतून ऑइलपेंट लावू नका, ओल तिथेच कोंडते आणि गिलावा सुटतो. बाहेरून पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून तीन फूट दूर काढा, जमिनीलगतची माती उतरती करा. त्या भिंतीला एकही रॅक नाही. बाकी रॅक लोखंडी, भिंतीपासून पंधरा सेंटिमीटर आणि जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वाळवीची माती चढताना डोळ्याला दिसते. पत्र्याखाली बांबूच्या चटईचं छत, मधे एक फूट पोकळी. दुपारचा ताप यानेच उतरतो.

आता दात्यांना सांगायचं ते असं. पहिला निम्मा पैसा रॅक, झाकणाचे डबे, रेकॉर्डर आणि दोन हार्डडिस्कवर. उरलेल्यात चारच कपाटं, तीही प्लायवुडची नाहीत, कारण त्यातल्या गोंदाच्या वाफेने चांदी आणि पितळ काळवंडतं. पावडर कोटिंगचं लोखंड, समोर काच, दाराला रबराची पट्टी, कुलूप. कपाटाच्या आत दिवा नको, तो बंद पेटीतली उष्णता वाढवतो. छताला एलईडी पुरे. कापड, पिसं आणि कागदावर पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड, खिडकीला जाड पडदा. फोटो आणि कागदांच्या प्रतीच भिंतीवर, मूळ डब्यात. एका वेळी पंचवीस वस्तू मांडा, बाकीच्या रॅकवर, दर चार महिन्यांनी पाळी बदला. फळा साठ शब्दांच्या आत, आधी बोलीत, मग मराठीत, अक्षर लांबून वाचता येईल एवढं, आणि शेवटच्या ओळीत वस्तू ज्या घराची त्या घराचं नाव, घरच्यांनी तसं चालेल म्हटलं असेल तर. छापण्याआधी तो त्या घरी जाऊन वाचून दाखवा.

उद्घाटन दिवाळीनंतर ठेवा. तोवर एक पूर्ण पावसाळा जाईल आणि कुठल्या कोपऱ्यात पाणी येतं ते कळेल.